रोजकीर्द शाबूत, खतावणी नवी : ईमेलच्या प्रोफाइलची फेरबांधणी

टेबलावरच्या संगणकावर बसवलेला ईमेलचा प्रोग्राम बंद पडला असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा प्रत्यक्षात बिघडलेली गोष्ट बहुतेक वेळा तो प्रोग्राम नसतोच. आउटलूक असो की थंडरबर्ड, प्रोग्रामच्या स्वतःच्या फाइली एकदा बसवल्या की नवी आवृत्ती येईपर्यंत जशाच्या तशा पडून असतात; दिवसभरात शेकडो वेळा ज्यांवर लिहिले जाते, ज्या फुगत जातात आणि म्हणूनच मोडतात, त्या फाइली निराळ्या असतात. त्यांतली एक जात म्हणजे प्रोफाइल, अर्थात कोणते खाते, कोणता सर्व्हर, आलेला मेल कोणत्या फाइलीत ठेवायचा या सर्व व्यवस्थेची नोंद. आणि दुसरी जात म्हणजे डेटा फाइल, अर्थात प्रत्यक्ष मेल, त्यांना जोडलेली कागदपत्रे, पत्ते आणि दिनदर्शिका यांचा साठा. प्रोग्राम काढून पुन्हा बसवणे हा दुरुस्तीचा सर्वांत लोकप्रिय आणि बहुधा सर्वांत निरुपयोगी उपाय ठरतो तो यामुळेच, कारण प्रोग्राम काढला तरी प्रोफाइल आणि डेटा फाइल मागे राहतात आणि नव्याने बसवलेला प्रोग्राम त्याच मोडक्या फाइली पुन्हा उघडू पाहतो.

मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये मेल पाहणाऱ्या पिढीला हा प्रश्न जुनाट वाटण्याचा संभव आहे. परंतु बेळगाव, निपाणी आणि त्यांच्या आसपासच्या लहान कारखान्यांत व पेढ्यांवर हिशेबनिसाच्या टेबलावरचा संगणक हाच अनेकदा त्या व्यवसायाच्या पत्रव्यवहाराचा एकमेव साठा असतो, आणि असे का झाले याचे कारण इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात सापडते. भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने खुले केले आणि पुढची बरीच वर्षे ते टेलिफोनच्या तारेवरून मोडेमद्वारेच कचेऱ्यांत पोहोचत राहिले. इंटरनेटच्या तासांचे पैसे वेगळे आणि टेलिफोनच्या कॉलचे पैसे वेगळे अशा दुहेरी आकारणीत, जोडणी लावायची, सर्व्हरवर साठलेले मेल झटकन उतरवून घ्यायचे, जोडणी तोडायची आणि मग निवांत वाचत बसायचे, हीच शहाणपणाची रीत होती. पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल या नियमावलीची तिसरी आवृत्ती, जी सामान्यतः पॉप३ या नावाने ओळखली जाते, ती १९८८ मध्ये नेमक्या अशाच वापरासाठी प्रसिद्ध झाली होती, आणि तिच्या मूळ कल्पनेनुसार मेल संगणकावर उतरला की सर्व्हरवरची प्रत पुसली जात असे. विंडोजबरोबर फुकट येणाऱ्या आउटलूक एक्सप्रेसने ही रीत गावोगाव नेली, पुढे ब्रॉडबँड आले, फायबर आले, तरी खात्याची मांडणी कुणी बदलली नाही.

उद्यमबाग आणि मच्छे येथील फाउंड्री व मशीन शॉपमध्ये कास्टिंगची ड्रॉइंग, दरपत्रके आणि तपासणीचे अहवाल मेलनेच येतात-जातात, शहापूर-वडगावच्या साडी व्यापाऱ्यांचेही तेच, आणि निपाणीच्या तंबाखू व बिडीच्या व्यवसायात तर राज्याची सीमा हाच कागदपत्रांचा एक स्वतंत्र कारखाना आहे. निपाणीहून निघालेला माल कोगनोळीच्या पुढे कागल हद्दीत शिरला की तो कर्नाटकातून महाराष्ट्रात गेलेला असतो, त्यामुळे त्यावर राज्यांतर्गत कराऐवजी एकात्मिक जीएसटी लागतो आणि १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिलही लागते. वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब व त्याला आधार देणारी कागदपत्रे जपण्याचे बंधन केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ ने घातलेले आहे, म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षाचे दप्तर ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हाताशी असले पाहिजे. करबीजक हरवले तर शासकीय पोर्टलवरून किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून ते पुन्हा मिळवता येते. दर कबूल केल्याचे दोन ओळींचे पत्र, मालाच्या प्रतीविषयीची तक्रार किंवा मुदत वाढवून दिल्याचा मेल मात्र त्या एका डेटा फाइलीखेरीज कुठेच नसतो.

कोणती फाइल मूळ, कोणती उतरवलेली

या सर्व फाइलींपैकी कोणती जिवापाड जपायची आणि कोणती बिनधास्त फेकायची, हा फेरबांधणीतला खरा निर्णय आहे, आणि तो समजण्यासाठी पेढीवरची रोजकीर्द आणि खतावणी यांची जोडी डोळ्यांसमोर आणणे पुरेसे होईल. रोजकीर्दीत व्यवहार घडेल तसा तारखेवार लिहिला जातो आणि खतावणीत तोच खात्यावार मांडला जातो. खतावणी वाळवीने खाल्ली तर चिकाटीने बसून ती रोजकीर्दीवरून पुन्हा उतरवता येते, पण रोजकीर्दच गेली तर उतरवायला काही उरत नाही. ईमेलच्या प्रोग्राममध्ये प्रोफाइल, सूचीच्या फाइली आणि सर्व्हरवरच्या साठ्याच्या स्थानिक नकला या खतावणीच्या जातीच्या आहेत. पॉप खात्यातून उतरवलेले मेल ज्या फाइलीत आहेत ती मात्र रोजकीर्द आहे.

थंडरबर्डमध्ये हा भेद उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. या प्रोग्रामची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली, पण त्याने मेल साठवण्यासाठी युनिक्समधली त्याहून कितीतरी जुनी एमबॉक्स ही पद्धत घेतली, जिच्यात एका फोल्डरचे सर्व मेल एकाच साध्या मजकुराच्या फाइलीत एकापाठोपाठ एक लिहिलेले असतात आणि प्रत्येक मेलची सुरुवात ‘फ्रॉम’ या शब्दाने व त्यानंतरच्या मोकळ्या जागेने सुरू होणाऱ्या ओळीने ओळखली जाते. या फाइलीला कोणतेही शेपूट नसते, तिचे नाव नुसते ‘इनबॉक्स’ असे असते; तिच्या शेजारी त्याच नावाची, पण एमएसएफ असे शेपूट असलेली दुसरी छोटी फाइल असते आणि तिच्यात कोणता मेल कितव्या अक्षरापासून सुरू होतो, तो वाचला आहे की नाही, कुणाकडून आला, याची सूची असते. यादीत मेल दिसतो पण उघडल्यावर भलताच मजकूर येतो, किंवा पुसलेले मेल पुन्हा दिसू लागतात, अशी लक्षणे दिसली की बिघाड बहुधा या सूचीत असतो. प्रोग्राम बंद करून एमएसएफ फाइल पुसली, किंवा फोल्डरच्या गुणधर्मांत जाऊन ‘रिपेअर फोल्डर’ हे बटण दाबले, की थंडरबर्ड मूळ फाइल पहिल्या ओळीपासून वाचत नवी सूची तयार करतो.

याच रचनेतून आणखी एक उपयोगी गोष्ट निघते. पुसलेला मेल एमबॉक्स फाइलीतून लगेच जात नाही. त्याच्या माथ्यावरच्या एका सांकेतिक ओळीत तो काढून टाकल्याची खूण तेवढी केली जाते, आणि ‘कॉम्पॅक्ट’ ही आज्ञा चालते तेव्हा खूण नसलेले मेल नव्या फाइलीत उतरवून जुनी फाइल टाकून दिली जाते. चुकून पुसलेला महत्त्वाचा मेल कॉम्पॅक्ट होण्याआधी परत मिळवता येतो तो यामुळेच, आणि कॉम्पॅक्ट चालू असताना वीज गेली तर फोल्डर अर्धवट राहण्याचा धोका असतो तोही यामुळेच. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या गावात यूपीएसच्या बॅटरीवर केलेला खर्च हा मेलच्या दुरुस्तीवरचाच खर्च समजावा.

आउटलूकची मांडणी अधिक गुंतागुंतीची आहे. त्यात पॉप खात्याचा साठा पीएसटी या जातीच्या एकाच फाइलीत असतो आणि त्या फाइलीत सर्व फोल्डर, मेल, अटॅचमेंट, पत्ते, दिनदर्शिका आणि त्यांची सूची हे सारे एकत्र नांदते, म्हणजे रोजकीर्द आणि खतावणी एकाच बांधणीत शिवलेली असतात. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये या फाइलीच्या रचनेचे तपशील खुले केले, त्यावरून असे दिसते की फाइलीतला मजकूर जास्तीत जास्त आठ किलोबाइटच्या तुकड्यांत विभागलेला असतो, प्रत्येक तुकड्याबरोबर त्याच्या शाबूतपणाची पडताळणी करणारा एक आकडा साठवलेला असतो, आणि कोणता तुकडा फाइलीत कोठे आहे व कोणत्या मेलचे तुकडे कोणते, हे सांगणाऱ्या दोन वृक्षाकार सूच्या असतात. वीज जाऊन किंवा संगणक मध्येच बंद करून या सूच्यांचे लेखन अर्धवट राहिले तर तुकडे जागेवर असूनही त्यांचा पत्ता हरवतो. हार्ड डिस्कच खराब होऊ लागली असेल तर खुद्द तुकडेच वाचता येत नाहीत. पहिला बिघाड दुरुस्त होतो; दुसऱ्यात जेवढे वाचेल तेवढे आपले.

आकाराच्या मर्यादेचा प्रश्न या फाइलीच्या इतिहासाशी जोडलेला आहे. आउटलूक ९७ ते २००२ या आवृत्त्यांची पीएसटी २ जीबीपर्यंतच वाढू शकत असे, आणि ती सीमा ओलांडली की फाइल उघडेनाशी होई. त्या वेळी मायक्रोसॉफ्टने दिलेले साधन फाइलीचे शेपूट कापून तिला पुन्हा मर्यादेत आणत असे, अर्थात कापलेल्या भागातले मेल गमावूनच. २००३ च्या आवृत्तीबरोबर युनिकोड पीएसटी आली, तिची नेहमीची मर्यादा २० जीबी होती आणि २०१० पासून ती ५० जीबी झाली. ड्रॉइंगच्या पीडीएफ आणि कास्टिंगचे फोटो दररोज येणाऱ्या कारखान्यात तीही गाठली जाते, आणि गाठली नाही तरी तीस जीबीची एकच फाइल रोज उघडणे हे संकटाला आमंत्रण आहे. वर्षवार वेगळी पीएसटी करून जुन्या वर्षांची फाइल बंद ठेवणे, ही जुन्या दप्तरखान्याची शिस्त येथेही चांगली चालते.

आयमॅप किंवा एक्स्चेंज प्रकारच्या खात्यांत चित्र उलटे असते. आयमॅप ही पद्धत १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी मांडली आणि तिच्यात मूळ साठा सर्व्हरवरच राहतो, संगणकावर त्याची नक्कल तेवढी असते. आउटलूक २०१३ पासून ही नक्कल ओएसटी नावाच्या फाइलीत ठेवतो. ती मोडली तर दुरुस्त करत बसण्यापेक्षा तिचे नाव बदलून बाजूला सारावे, प्रोग्राम उघडावा आणि सर्व्हरवरून नवी नक्कल उतरू द्यावी, हेच योग्य. पण येथे एक सापळा आहे आणि तो अनेक जाणकारांनाही ठाऊक नसतो. आयमॅप खात्यात पत्ते आणि दिनदर्शिका सर्व्हरकडे जात नाहीत, त्या ‘फक्त या संगणकावर’ असे कंसात लिहिलेल्या फोल्डरांत त्याच ओएसटीत राहतात. म्हणजे जी फाइल निव्वळ नक्कल समजून पुसली जाते तिच्या पोटात दहा वर्षांत जमवलेले ग्राहकांचे पत्ते मूळ स्वरूपात असू शकतात. आउटबॉक्समध्ये अडकलेल्या, अजून न गेलेल्या मेलचेही तसेच. म्हणून ओएसटी पुसण्याआधी, आउटलूक जेमतेम का होईना उघडत असेल तर, पत्ते आणि दिनदर्शिका वेगळ्या पीएसटीत निर्यात करून घ्याव्यात.

आधी निदान

फेरबांधणीला हात घालण्यापूर्वी दोष खरोखर तेथेच आहे का, हे पाहणे आवश्यक असते, आणि त्यासाठी पहिली कसोटी अगदी सोपी आहे : तेच खाते ब्राउझरमध्ये उघडून पाहावे. तेथेही मेल येत नसतील तर दोष खात्यात, डोमेनच्या नूतनीकरणात किंवा भरलेल्या मेलबॉक्समध्ये आहे आणि संगणकावरच्या फाइलींना हात लावण्याचे कारण नाही. ब्राउझरमध्ये सर्व ठीक आणि आउटलूक मात्र सारखा पासवर्ड विचारतो आहे, अशी स्थिती असेल तर प्रोफाइलवर संशय जाणे स्वाभाविक असले तरी तो पुष्कळदा चुकीचा असतो. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डाने आत येणाऱ्या जुन्या प्रोग्रामांना दार बंद केले, आणि त्यामुळे आउटलूक २००७ किंवा २०१० वापरणाऱ्यांना दुहेरी पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा वेगळा ‘अ‍ॅप पासवर्ड’ घ्यावा लागतो. तो न घेता प्रोफाइल कितीही वेळा नवे केले तरी पासवर्डाची खिडकी पुन्हा येतच राहते.

दुसरी कसोटी सेफ मोडची. आउटलूकला ‘सेफ’ या जोडआज्ञेसह सुरू केले की त्याच्याशी जोडलेली पूरक साधने, म्हणजे अँटिव्हायरसचे, पीडीएफचे किंवा अशाच कशाचे तरी अ‍ॅड-इन, बाजूला ठेवली जातात, आणि अशा अवस्थेत तो सुरळीत चालला तर दोष त्या पाहुण्यांत आहे हे उघड होते. ‘फोल्डरांचा संच उघडता येत नाही’ असा भीतिदायक संदेश देऊन आउटलूक २००७ किंवा २०१० बंद पडत असेल, तर अनेकदा डाव्या बाजूच्या फोल्डरपट्टीची मांडणी साठवणारी लहानशी एक्सएमएल फाइल शून्य आकाराची झालेली असते आणि ती पट्टी पूर्ववत करण्याची एक आज्ञा पुरेशी ठरते. मोठ्या दुरुस्तीचे सामान घेऊन बसलेल्या माणसाची येथे थोडी निराशा होते.

लहान कार्यालयांत आढळणारे एक कारण वेगळे सांगण्याजोगे आहे. टॅलीचा डेटा एका संगणकावर ठेवून बाकीच्यांनी तो नेटवर्कवरून उघडायचा, ही सवय अंगवळणी पडलेली असल्यामुळे पीएसटीही तशाच सामाईक फोल्डरमध्ये ठेवून दोन टेबलांवरून उघडण्याचा मोह होतो. टॅली अनेकांनी एकाच वेळी वापरण्यासाठी तयार केलेले आहे, पीएसटी तशी नाही. ती एका वेळी एकाच आउटलूकने, स्वतःच्याच डिस्कवरून उघडावी अशी तिची घडण आहे, आणि नेटवर्कवरच्या पीएसटीला आपला पाठिंबा नाही असे मायक्रोसॉफ्टने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये चालू पीएसटी ठेवणे हेही त्याच माळेचे.

फेरबांधणी

दोष प्रोफाइल वा डेटा फाइलीतच आहे असे ठरल्यावर पहिले काम दुरुस्तीचे नसून नक्कल करण्याचे असते. आउटलूक बंद करावा, टास्क मॅनेजरमध्ये तो मागे चालू राहिला नाही याची खात्री करावी आणि डेटा फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी. ही फाइल कोठे असते हे ठाऊक नसल्यामुळे जेवढे मेल गेले असतील तेवढे बहुधा व्हायरसनेही गेले नसतील. संगणक मंद झाला की ‘फॉरमॅट मारून’ देण्याची जी पद्धत आहे, तिच्यात डेस्कटॉप, माय डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्ह यांचा बॅकअप घेऊन सी ड्राइव्ह पुसला जातो. पण आउटलूक एक्सप्रेसच्या डीबीएक्स फाइली आणि आउटलूक २००७ पर्यंतच्या पीएसटी सी ड्राइव्हवरच्या, वापरकर्त्याच्या नावाखालील लपवलेल्या फोल्डरांत असत. आउटलूक २०१० पासून नव्या पीएसटीची जागा डॉक्युमेंट्समधील ‘आउटलूक फाइल्स’ या उघड्या फोल्डरमध्ये आली, तरी जुन्या आवृत्तीवरून चालत आलेली पीएसटी जुन्याच अंधाऱ्या कोपऱ्यात राहते आणि ओएसटी तर आजही अ‍ॅपडेटा या लपवलेल्या फोल्डरमध्येच असते. थंडरबर्डची सर्व चीजवस्तूही तेथेच, ‘प्रोफाइल्स’ नावाच्या फोल्डरमध्ये असते. फाइलीचा नेमका पत्ता आउटलूकच्या ‘अकाउंट सेटिंग्ज’मधील ‘डेटा फाइल्स’ या पानावर लिहिलेला असतो. फॉरमॅट मारण्याआधी तो कागदावर उतरवून घेण्यास एक मिनिटही लागत नाही.

पीएसटी दुरुस्त करण्याचे साधन आउटलूकबरोबरच येते. स्कॅनपीएसटी असे त्याचे नाव असून ऑफिसच्या प्रोग्राम फाइलींमध्ये ते बाजूला पडलेले असते. ते फाइलीतले तुकडे एकेक करून तपासते, पडताळणीचा आकडा न जुळणारे तुकडे वगळते आणि उरलेल्यांवरून सूच्या नव्याने बांधते. तपासणीचे आठ टप्पे असतात आणि दहा-पंधरा जीबीच्या फाइलीला कित्येक तास लागू शकतात. एका फेरीत सर्व दोष निघतातच असे नाही, त्यामुळे ‘दोष आढळला नाही’ असा निर्वाळा मिळेपर्यंत ते पुन्हा पुन्हा चालवावे लागते. ज्या मेलचा मूळ फोल्डर ओळखता येत नाही ते ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या नव्या फोल्डरमध्ये टाकले जातात, आणि दुरुस्तीनंतर मेल कमी दिसत आहेत अशी ओरड होते तेव्हा हा फोल्डर उघडून पाहिलेला नसतो. हे साधन नेहमी नकलेवर चालवावे, मूळ फाइलीवर नाही. विशेषतः डिस्कमधून आवाज येत असेल किंवा फाइली उतरताना अडखळत असतील तर त्याच डिस्कवर तासन्‌तास दुरुस्ती चालवणे म्हणजे उरलेला साठाही धोक्यात घालणे होय.

त्यानंतर प्रोफाइलकडे वळावे. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मेल’ या चिन्हाखाली ‘शो प्रोफाइल्स’ असे बटण असते, तेथे नव्या नावाने दुसरे प्रोफाइल तयार करावे आणि ‘नेहमी हेच वापरावे’ असे सांगून ठेवावे. जुने प्रोफाइल पुसण्याची घाई मुळीच नसते, कारण ते विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत नगण्य जागा व्यापते आणि त्यातूनच जुन्या सर्व्हरची, पोर्टची माहिती गरज पडल्यास पाहता येते. पॉप खाते जोडताना मेल नव्या फाइलीत घ्यायचे की असलेल्या, असा प्रश्न आउटलूक विचारतो. तेथे ‘असलेली डेटा फाइल’ निवडून दुरुस्त केलेल्या पीएसटीचा पत्ता द्यावा. पीएसटी फार मोठी किंवा पुन्हा पुन्हा मोडणारी असेल तर मात्र नवी कोरी फाइल घेऊन जुनी तिच्या शेजारी नुसती उघडून ठेवणे आणि लागतील ते फोल्डर हळूहळू ओढून आणणे अधिक बरे. सर्व्हरवर काही दिवस प्रत ठेवण्याची सूट चालू असेल, आणि आउटलूकच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ती मुळातच १४ दिवसांसाठी चालू असते, तर तेवढ्या दिवसांचे मेल बहुधा दुसऱ्यांदा उतरतात. कोणते मेल घेऊन झाले याची यादी नव्या खात्याला मिळालेली नसते, एवढाच त्याचा अर्थ.

नवे प्रोफाइल उघडल्यावर हिशेबनिसाची पहिली तक्रार हमखास अशी असते की सगळे पत्ते गेले. वस्तुतः गेलेले असते ते पत्त्यांचे पुस्तक नव्हे. दोन अक्षरे टाइप करताच पुढचे नाव सुचवणारी यादी तेवढी गेलेली असते. आउटलूक २००७ पर्यंत ती एनके२ नावाच्या स्वतंत्र फाइलीत प्रोफाइलच्या नावाशी बांधलेली असे, पुढे तिची जागा बदलली, पण तिला पत्त्यांच्या पुस्तकासारखा भरवसा कधीच नव्हता. मेलच्या शेवटी आपोआप येणारी सही मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये राहत असल्याने टिकते, आणि नव्या प्रोफाइलमध्ये ती फक्त पुन्हा निवडावी लागते.

थंडरबर्डमध्ये हेच काम प्रोग्राम ‘पी’ या जोडआज्ञेसह सुरू करून होते. नवे प्रोफाइल तयार झाल्यावर जुन्या फोल्डरमधून मेलच्या शेपूट नसलेल्या फाइली तेवढ्या नव्या प्रोफाइलमधील ‘लोकल फोल्डर्स’मध्ये आणाव्यात, पत्त्यांच्या फाइली आणाव्यात, परंतु सर्व आवडीनिवडी साठवणारी प्रेफ्स नावाची फाइल आणू नये, कारण ज्या दोषापायी हा खटाटोप केला तो पुष्कळदा तिच्यातच दडलेला असतो.

मोडलेला मेल की नसलेला फॉन्ट

सीमाभागात एका संगणकावर तीन लिप्या नांदतात, आणि त्यातून असा एक भास निर्माण होतो की जो इतरत्र क्वचितच आढळेल. कर्नाटक शासनाच्या कार्यालयांतून आलेली जुनी कन्नड पत्रे कन्नड गणक परिषदेने तयार केलेल्या नुडी या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये असतात, मराठी छपाई आणि वृत्तपत्रांशी संबंधित मजकूर वर्षानुवर्षे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत टाइप होत आला, आणि व्यापारी पत्रे इंग्रजीत. नुडी आणि श्रीलिपी यांचे जुने फॉन्ट रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर कन्नड वा देवनागरी आकार बसवत असत, म्हणजे मेलमध्ये साठवलेले असते ते रोमन अक्षरांचे कडबोळे आणि फॉन्टमुळे ते वाचता येते. संगणक फॉरमॅट होऊन नवे प्रोफाइल तयार झाले, पण फॉन्ट परत बसवले गेले नाहीत, की हे मेल अगम्य दिसतात आणि फाइल करप्ट झाली असा निष्कर्ष काढला जातो. फाइल ठणठणीत असते. फॉन्ट बसवले की मजकूर उभा राहतो.

याहून निराळे दृश्य प्रश्नचिन्हांचे. आउटलूक ९७ ते २००२ च्या पीएसटीत मजकूर विंडोजच्या प्रादेशिक संकेतपत्रकांनुसार साठवला जाई, आणि देवनागरीसाठी असे संकेतपत्रक विंडोजने कधी केलेच नाही, तिला थेट युनिकोडमध्ये घेतले. परिणामी युनिकोड मराठीत आलेल्या मेलचा विषय किंवा पाठवणाऱ्याचे नाव अशा जुन्या पीएसटीत शिरताच नुसत्या प्रश्नचिन्हांची रांग होते, आणि मूळ अक्षर साठवलेच गेले नसल्याने कोणतीही दुरुस्ती ते परत आणू शकत नाही. जुनी पीएसटी अजून वापरात असेल तर नवी युनिकोड फाइल करून तिच्यात सर्व मेल हलवणे, हे आकाराच्या मर्यादेपेक्षाही मराठीच्या दृष्टीने अधिक निकडीचे काम आहे. तिसरा प्रकार असा की प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र चिन्हे दिसतात. यूटीएफ-८ या संकेतात देवनागरीचे एकेक अक्षरचिन्ह तीन बाइटचे असते आणि प्रोग्रामने ते तीन वेगळे मानले, एवढेच त्यात घडलेले असते. आउटलूकमध्ये त्या मेलचे एन्कोडिंग बदलून, किंवा थंडरबर्डच्या ‘व्ह्यू’ यादीतील मजकुराचे एन्कोडिंग दुरुस्त करण्याची आज्ञा देऊन ते ठीक होते.

मोडक्या मूळ फाइलीची जशीच्या तशी नक्कल जपण्यामागे एक कायदेशीर कारणही आहे. जालना मतदारसंघातील निवडणुकीच्या वादातून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असे ठरवले की मूळ उपकरण न्यायालयात हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांचे झाले, एक नोंद सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलीचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरातून गणिताने काढलेला ओळख आकडा, लिहावा लागतो. स्कॅनपीएसटीने फाइलीला हात लावला की हा आकडा बदलतो. थकबाकीचा दावा चालू आहे किंवा होण्याचा संभव आहे अशा पेढीने म्हणूनच दुरुस्तीआधीच्या फाइलीचा हॅश काढून ठेवावा. विंडोजमधील सर्टयुटिल या आज्ञेने तो काही मिनिटांत निघतो.

मायक्रोसॉफ्टने अलीकडे पुढे केलेला ‘नवा आउटलूक’ या सर्व व्यवस्थेपासून दूर गेलेला आहे. त्यात कंट्रोल पॅनेलमधून तयार होणारी प्रोफाइले नाहीत, बराचसा साठा दूरच्या सर्व्हरांवर असतो आणि पीएसटीला दिलेला आधार मर्यादित आहे. जुन्या, ज्याला आता ‘क्लासिक’ म्हटले जाते त्या आउटलूकला किमान २०२९ पर्यंत आधार देण्याचे कंपनीने सांगितले आहे, मात्र २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० बरोबरच संपला. पॉप खाती आणि वर्षानुवर्षांच्या पीएसटी बाळगणाऱ्या कार्यालयांना संगणक बदलताना ‘नव्या आउटलूक’चे बटण एकदम न दाबता, आधी खाती आयमॅपवर नेऊन, पीएसटीतील चालू वर्षांचे फोल्डर सर्व्हरवर चढवून आणि जुनी वर्षे दोन वेगळ्या डिस्कवर बंद करून ठेवणे सोयीचे पडते, हे चढवण्याचे काम क्लासिक आउटलूक चालू असेपर्यंतच सरळ होते, कारण दोन्ही साठे एकाच खिडकीत शेजारी उघडून फोल्डर ओढून नेता येतात.